एका डोक्याचा गंडभेरुंड

कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर त्या माणसानं आपलं डोकं एकदा तपासून घ्यावं. पण भवानीबाईंच्या उजव्या हातावर लहानपणापासून एक कोंबडी राहत होती.

म्हैसुरात, चामराजपुरमच्या घरात हे वाक्य पडलं तेव्हा कॉफी फिरत होती. पुण्याहून आलेले नवे व्याही रघुनाथराव सोफ्याच्या कडेला बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचं या घरच्या तुंगाशी लग्न. मघाशी तुंगाच्या आजीनं, म्हणजे भवानीबाईंनी, चकल्यांची बशी पुढे केली तेव्हा पदराखालून काहीतरी निळसर दिसलं आणि त्यांनी सहज विचारलं, "आजींच्या हातावर काय आहे हो ते?" तुंगाचा बाप सयाजीराव कॉफीत तोंड घालून बसला. भवानीबाई स्वयंपाकघरात गेल्या. आजोबांनी मात्र लोटा खाली ठेवला, मांडी घातली आणि सुरुवात केली. आजोबांचं नाव वेंकोजीराव. गोष्ट सांगताना ते स्वतःलाही 'वेंकोजीराव' असंच म्हणतात, जणू तो दुसराच कुणी शूर गृहस्थ आहे. त्यामुळे स्तुती करायला हात मोकळा राहतो.

तर कोंबडी.

भवानीबाईंचे वडील मालोजीराव. घराणं म्हैसूरच्या राजांच्या घोडदळातलं. घोडदळ मोडलं, घोडे गेले, मालोजीराव लाकडाच्या वखारीत मुकादम झाले, पण आवाज घोडदळातलाच राहिला. वखारीत ते "उचला!" म्हणाले की समोरच्या घरात जेवायला बसलेले पाहुणे ताटं उचलत. राज्याला कर्नाटक म्हणायला अजून अवकाश होता त्या वेळची गोष्ट. आषाढातल्या शुक्रवारी चामुंडीच्या डोंगरावर ही गर्दी. पायऱ्यांच्या कडेला एक गोंदणारी बसली होती. बरोबरच्या सगळ्या पोरी रांगेनं तुळस काढून घेत होत्या, विंचू काढून घेत होत्या. भवानीनं हात पुढे केला आणि म्हणाली, "गंडभेरुंड."

गंडभेरुंड म्हणजे राजांच्या चिन्हावरचा दोन डोक्यांचा पक्षी. एकेका चोचीत एकेक हत्ती उचलतो असं म्हणतात. मालोजीरावांच्या जुन्या पट्ट्याच्या पितळेवर तो होता आणि भवानी तो रोज घासून लख्ख करायची.

"ते राजाचं असतं," गोंदणारी म्हणाली. "पोरींनी तुळस घ्यावी."

"तुळस आमच्या अंगणात आहे," भवानी म्हणाली. "मला हा हवा."

गोंदणारीनं कपाळावर हात मारून घेतला आणि सुई उचलली. अंग झालं, पंख झाले, शेपूट झालं, एक मान आणि एक डोकं झालं. आता दुसरं डोकं सुरू करणार, तोच खालच्या पायरीवर मालोजीराव दिसले. गोंदणं त्यांना अजिबात खपत नसे. ते एकच शब्द ओरडले, "भवानी!" डोंगरावरच्या नंदीनं कान टवकारले. तो नंदी दगडाचा आहे हे वेंकोजीरावांनाही ठाऊक आहे, पण टवकारले. गोंदणारी टोपली घेऊन जी पळाली ती नंजनगुडला जाऊनच थांबली.

आणि गंडभेरुंडाचं एक डोकं गेलं की काय उरतं? कोंबडी. शाळेत पोरी "क्लक क्लक" करायच्या. लग्नात सासूबाईंनी हात धरून विचारलं, "तुमच्यात कोंबडी का गोंदतात?" शेजारच्या सदाशिवरावांनी कोंबडा पाळला होता, तो रोज सकाळी कंपाउंडवर चढून धुणं धुणाऱ्या भवानीबाईंच्या हाताकडे बघून सुस्कारे टाकायचा. शेवटी बिचारा झुरून झुरून इतका वाळला की सदाशिवरावांना त्याचा रस्सासुद्धा नीट करता आला नाही.

सगळं आयुष्य असं गेलं. मग तुंगाचं लग्न ठरलं आणि एका संध्याकाळी हेब्बाळच्या कारखान्यातून दमून आलेला सयाजीराव बूट न काढताच आईसमोर बसला.

"आई, पुढच्या गुरुवारी डॉक्टर पद्मनाभांची वेळ घेतलीय मी. स्किनचे मोठे डॉक्टर आहेत. लेझरनं पुसून टाकतात."

"काय पुसतात?"

"ते. तुझ्या हातावरचं. पुण्याची माणसं येणार, तू औक्षणाचं ताट धरणार, सगळे फोटो काढणार. त्यांना वाटेल अडाणी लोक आहेत."

"कोण अडाणी?"

"आपण सगळे."

"म्हणजे तू," भवानीबाई म्हणाल्या. "पुसायचं नाही. पुरं करायचं. त्याचं दुसरं डोकं राहिलंय."

सयाजीराव उठून उभा राहिला. "या वयात? साखर आहे तुला! ती दुकानं कसली असतात माहीत आहे? कुणाला टोचलेली सुई कुणाला टोचतील. कावीळ होईल, हात सुजेल, लग्न बाजूला राहून दवाखान्यात बसू आपण. अख्ख्या म्हैसुरात एक तरी धड दुकान दाखव मला!"

"दाखवलं तर?"

"तर कर. डॉक्टर हो म्हणाले तर कर. नाहीतर गुरुवारी लेझर."

"शब्द?"

"शब्द!"

इथं सयाजीराव चुकला. आपण कुणाशी बोलतोय हे तो विसरला. म्हैसुरातल्या मराठ्यांची निम्मी लग्नं भवानीबाईंनी जमवलीत आणि उरलेली मोडलीत. स्थळ बघायची त्यांची एक पद्धत आहे. कळवून जायचं नाही. बैठकीची खोली बघायची नाही, ती सगळ्यांचीच चांगली असते. हात धुवायचं निमित्त करून मागे जायचं आणि न्हाणीघर बघायचं. शेजारी कुणाचं भांडण असेल तर त्यांच्याकडे आधी पाणी प्यायचं. आणि घरचा कर्ता माणूस एकदा चिडल्याशिवाय तिथून उठायचं नाही. एका घरी तर पेढे वाटायची वेळ आलेली असताना त्या मागे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "येतो आम्ही." का, तर घरात माणसं सहा आणि टॉवेल एक.

दुसऱ्या दिवसापासून तुंगाच्या स्कूटरवर मागे भवानीबाई आणि रिक्षात वेंकोजीराव, अशी स्वारी निघाली.

पहिलं दुकान देवराज मार्केटच्या पलीकडच्या गल्लीत. दारावर कवटी, भिंतीवर कवटी, खुर्चीच्या पाठीलासुद्धा कवटी. भवानीबाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि दुकान चालवणाऱ्या पोराला विचारलं, "एवढी माणसं इथंच गेली का?"

"डिझाइन आहे अज्जी," तो म्हणाला. कानात चार बाळ्या, तोंडात च्युइंगगम.

"हात धुवायचेत मला."

मागे मोरी होती. मोरीत फरशी पुसायची बादली आणि बादलीला टेकून शाईच्या बाटल्या. एक बाटली संपत आली होती, तिच्यात नळाचं पाणी घालून ठेवलं होतं. कॉफी पावडरच्या डब्यात सुया. भवानीबाईंनी डबा हलवून बघितला.

"वापरलेल्या आहेत?"

"उकळतो अज्जी. कडक उकळतो. डाळीसारख्या."

त्यातल्या एका सुईनं इतकी नावं गोंदली होती म्हणे की कुणाचं कुणाशी जमलं आणि पुढं कसं फिसकटलं ते तिला तोंडपाठ होतं. वेंकोजीरावांनी कान लावला तर तिनं त्यांना दोन घटस्फोट सांगितले. तेवढ्यात पोरानं रबरी हातमोजे चढवले. त्या मोज्यांनीच फोन घेतला, मान खाजवली, बाहेर ठेवलेला वडा तोडून खाल्ला, एक माशी मारली आणि मग भवानीबाईंच्या हाताकडे हात नेला.

"बाळ," त्या म्हणाल्या, "हे मोजे तू माझ्यासाठी घातलेस का माशीसाठी?"

पोरगा चिडला. "शेकडो लोकांना काढलंय मी. एकजण तक्रार घेऊन आला नाही!"

"तुझ्याकडे कशाला येईल? तो डॉक्टरकडे गेला असेल." आणि भवानीबाई दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

दुसरं दुकान तुंगानं फोनवर शोधलं. तुंगाचं मराठी म्हणजे भातात कानडीचे खडे. "आजी, इल्ली नोड, इकडे बघ, फोर पॉइंट नाइन स्टार्स! रिव्ह्यूज एकदम चांगली आहेत."

"वाच."

तुंगा वाचत गेली. सुंदर अनुभव, मनमिळाऊ स्टाफ. छान अनुभव, मनमिळाऊ स्टाफ. स्टाफ मनमिळाऊ, अनुभव सुंदर.

"अय्यो, साकु," भवानीबाई म्हणाल्या. "पुरे. हे सगळं मुलाच्या मामानं लिहिलंय. स्थळाच्या माहितीत पण असंच असतं, मुलगा मनमिळाऊ. वाईट कुणी लिहिलंय ते काढ."

खाली खाली जात तुंगाला एक सापडलं. कुणाची तरी कातडी लाल होऊन पाणी सुटलं होतं. त्यावर दुकानदारानं उत्तर दिलं होतं की तुझीच कातडी घाणेरडी.

"हं," भवानीबाई म्हणाल्या. "चिडल्यावर कसा बोलतो ते घरबसल्या कळलं. तरी बघून येऊ, उगाच मागून कुणी म्हणायला नको."

दुकान मात्र झकास होतं. काचेचं दार, एसी, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं, सुया बंद पाकिटात, न्हाणीघर असं की तिथं बसून जेवावं. वेंकोजीरावांना वाटलं, झालं काम. मालक हसतमुख, दाढी कोरलेली. भवानीबाई खुर्चीत बसल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "मला साखर आहे हो."

"नो प्रॉब्लेम अम्मा."

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." ही थाप होती.

"नो प्रॉब्लेम."

"मागच्या महिन्यात हृदयाचं ऑपरेशन झालं." ही तर मोठीच थाप.

"नो प्रॉब्लेम अम्मा, सावकाश करू."

"आणि मला दिवस गेलेत."

"नो प्रॉब..." एवढं म्हणून तो थांबला आणि त्यानं पहिल्यांदा भवानीबाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. तुंगा सोफ्यावरून खाली घसरली होती.

"ज्याला कशाचीच अडचण नाही त्याला माझीही काळजी नाही," असं म्हणून भवानीबाई उठल्या. बाहेर आल्यावर तुंगा म्हणाली, "पण आजी, क्लीन होतं ना सगळं?"

"क्लीन होतं. पण मी मेले असते तरी तो नो प्रॉब्लेमच म्हणाला असता."

असं करत आठवडा सरत आला. एका दुकानात मालक गिऱ्हाइकाला सुई टोचता टोचता सिगारेट ओढत होता. एका ठिकाणी मांजर शाई प्यायली होती आणि तिला निळी पिल्लं झाली होती. वेंकोजीरावांनी त्यातलं एक मागितलंही, पण भवानीबाईंनी घेऊ दिलं नाही. घरी सयाजीराव शीळ घालत फिरायला लागला. "मग आई, गुरुवारी सकाळी जाऊ या ना?"

बुधवारी पहाटेच भवानीबाई उठल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "मी मुलाकडची घरं बघत बसले. नांदून आलेल्या सुना बघायला हव्या होत्या."

आणि स्वारी गेली हेब्बाळला. तिथं एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या बसेस येतात आणि त्यातून पोरंपोरी उतरतात, गळ्यात पट्टे, कानात वायरी. भवानीबाई फाटकाजवळ उभ्या राहिल्या आणि ज्याच्या ज्याच्या अंगावर गोंदलेलं दिसलं त्याचा हात धरायला लागल्या. "दाखव. कधी काढलंस? सुजला होता? पू झाला? रेघ फाटली का रे, हा सिंह आहे की कोबी?" अंगठ्यानं चोळून बघायच्या, डोळ्यापाशी नेऊन बघायच्या. आधी पोरं बिचकली, मग आपण होऊन बाह्या वर करून रांगेत उभी राहिली. कंपनीच्या कामाचा म्हणे त्या दिवशी इतका खोळंबा झाला की अमेरिकेतून फोन आला. पहारेकरी हटकायला आला तर त्याच्याही दंडावर हनुमान निघाला. तोही रांगेत लागला.

शेवटी एका मुलीच्या मनगटावर जास्वंद दिसली. पाच-सहा वर्षांची जुनी, तरी रेघ न रेघ जागेवर, कातडी साफ.

"कृष्णवेणी अक्कानं काढलीय," ती म्हणाली. "सरस्वतीपुरमला, चष्म्याच्या दुकानाच्या वरती. पण ती पटकन काढत नाही हां. मला दोनदा परत पाठवलं."

"का गं?"

"एकदा मला सर्दी होती. एकदा म्हणाली, रागात आलीयस, भांडण मिटवून ये."

भवानीबाईंनी तुंगाच्या पाठीवर थाप मारली. "चल. गाडी काढ."

कृष्णवेणी म्हणजे आडव्या बांध्याची बाई, केस बारीक कापलेले, दोन्ही हात गळ्यापर्यंत गोंदलेले, आवाज बसच्या कंडक्टरसारखा. दारातूनच ओरडली, "चपला बाहेर. ज्याला काढायचंय तो आत, बाकीच्यांनी बाकावर. पान खाल्लेल्यांनी जिना उतरायचा." वेंकोजीरावांनी पान गिळून टाकलं.

"मला हात धुवायचेत," भवानीबाई म्हणाल्या.

"धुवायचेतच. ते बेसिन. मनगटाच्या वरपर्यंत. माझं लक्ष आहे."

भवानीबाई मागे गेल्या. बेसिन कोरडं ठणठणीत. एका कोपऱ्यात वाफेवर हत्यारं शिजवायचं यंत्र. दुसऱ्या कोपऱ्यात वापरलेल्या सुया टाकायचा जाड डबा, एकदा सुई आत गेली की बाहेर निघू नये असं तोंड. फडताळावर उघडी वस्तू एक नाही. त्यांनी सवयीनं टॉवेल शोधला. टॉवेलच नव्हता, कागद होते, पुसायचे आणि टाकायचे. भवानीबाईंचा चेहरा, जमत आलेल्या लग्नात होतो, तसा व्हायला लागला.

कृष्णवेणीनं सुईचं बंद पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "कुणाचंही काम करायच्या आधी मी हे दाखवते. तारीख वाचा."

"चष्मा नाही आणला."

"मग नातीला वाचायला लावा. वाचल्याशिवाय मी फोडत नाही. शाई या एवढ्याशा टोपणात ओतणार, उरली की फेकणार. बाटलीत परत नाही." तेवढ्यात फोन वाजला. तिनं मोजे काढून टाकले, बोलली, नवे मोजे घातले. मग स्टूल ओढून भवानीबाईंच्या समोर बसली.

"आता तुमचं सांगा. वय? साखर किती? जेवणाआधी किती, तीन महिन्यांची किती? गोळ्या कोणत्या? जखम लवकर वाळते का? कशाची ॲलर्जी? घरच्यांनी ढकललंय का स्वतः आलाय?"

भवानीबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या मुली बघितल्या होत्या. आज त्यांना कुणी बघत होतं. त्या गुडघे जुळवून ताठ बसल्या, सगळी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "चालून दाखवू का?"

कृष्णवेणी हसली नाही. "डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे. त्याशिवाय मी हात लावत नाही. आणि नंतर हळद, खोबरेल, राख असलं काही लावणार असाल तर आत्ताच जा. ओल्या जखमेवर स्वयंपाकघर नको."

"आणि डॉक्टर हो म्हणाले, तर नीट काढशील? दोन डोकी, एका मापाची?"

कृष्णवेणीनं हात उलटा करून बघितला. "जुनी रेघ पसरलीय. तिच्याशी जुळवायचं म्हणजे डोकेफोड. बाकी कुणाला जमायचं नाही. मला जमेल."

जिना उतरताना भवानीबाई म्हणाल्या, "मिळालं स्थळ. हिच्या तोंडून 'नाही' निघतं."

गुरुवार उजाडला. सयाजीरावानं रजा काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आईला गाडीत बसवलं. आई एक शब्द न बोलता बसली याचा त्याला फार आनंद झाला. डॉक्टर पद्मनाभांच्या खोलीत भवानीबाई एकट्याच गेल्या. "आई, मी येऊ?" "तू काय करशील? हात माझा आहे."

आत डॉक्टरांनी भिंगातून हात बघितला. "कोंबडी छान आहे. काढायची?"

"घालायची आहे," भवानीबाई म्हणाल्या. "एक डोकं. साखरेचा परवाचा रिपोर्ट हा. दुकान बघून ठेवलंय." आणि त्यांनी बेसिनपासून डब्यापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर रिपोर्टकडे बघत राहिले.

"बाई, तुमची साखर माझ्यापेक्षा बरी आहे. लग्नाला किती अवकाश आहे?"

"दोन महिने."

"तोवर वाळेल. करा. लाल झालं, ताप आला तर त्याच दिवशी माझ्याकडे. आणि फोटो पाठवा."

भवानीबाई बाहेर आल्या त्या गालातल्या गालात हसत. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "दुकान मिळालं. डॉक्टर हो म्हणाले. आता मला सरस्वतीपुरमला सोड."

सयाजीरावानं उगाच हॉर्न वाजवला. मग म्हणाला, "आई, तुला दुकान मिळणार नाही असं वाटलं म्हणून शब्द दिला होता मी."

"म्हणजे सुईची भीती नव्हती तुला."

"तसं नाही गं..."

"कावीळ, साखर, सूज, काहीच नव्हतं. माझी लाज होती."

"लाज नाही आई! पण पुण्याची माणसं काय म्हणतील?"

(इथं सोफ्यावर रघुनाथराव खाकरले आणि चकली मोडायला लागले. सयाजीराव छताकडे बघत होता.)

"या हातानं तुला न्हाऊ घातलं," भवानीबाई म्हणाल्या. "तापात रात्रभर कपाळ दाबलं. दहावीला नापास होऊन आलास तेव्हा तुझ्या बापाच्या आणि तुझ्या मध्ये हाच हात होता. तेव्हा तुला यावर कोंबडी दिसली नाही. पुण्याची माणसं अजून गाडीत बसलीसुद्धा नाहीत आणि तुला ती दिसायला लागली? सयाजी, हे तुझ्या आज्ज्यानं एका आरोळीत अर्धं ठेवलं, मी लहान होते, रडत घरी आले. आता मी लहान नाही आणि तुझा आवाज काही घोडदळातला नाही. थांबव गाडी."

"इथं कशी थांबवू? सिग्नल आहे!"

"मग थांबलेलीच आहे," म्हणत भवानीबाई दार उघडून उतरल्या आणि भर रस्त्यात चालायला लागल्या. सिग्नल हिरवा झाला, पण एकही गाडी हलली नाही. पोलिसानं शिट्टी तोंडातून काढून सलाम ठोकला. तीन रिक्षावाल्यांत त्यांना कुणी न्यायचं यावरून भांडण झालं आणि तिघंही फुकट न्यायला तयार झाले. म्हैसूरच्या इतिहासात असं याआधी घडलेलं नाही.

तुंगाला फोन गेला, वेंकोजीरावांना फोन गेला. वेंकोजीराव वाऱ्यासारखे पोचले. भवानीबाई खुर्चीत बसलेल्या, हात उशीवर, तुंगानं तारीख वाचलेली, पाकीट फुटलेलं. कृष्णवेणीनं निळ्या रेघेनं दुसरं डोकं आधी नुसतं काढून दाखवलं. भवानीबाई म्हणाल्या, "चोच जरा वर. मान खाली घातलेली नको." चोच वर झाली. मशीन सुरू झालं.

"आणि मग काय सांगू रघुनाथराव," वेंकोजीराव मांडीवर थाप मारत म्हणाले, "तास दीड तास सुई चालली, पण या बाईच्या तोंडून हूं की चूं नाही! आणि तिच्या शेजारी कोण, तर वेंकोजीराव. पहाडासारखा माणूस. तिचा डावा हात हातात घेऊन, पापणी न लववता सुईकडे बघत, धीर देत, 'घाबरू नकोस भवानी, मी आहे ना इथं...'"

"खोटं!"

स्वयंपाकघराच्या दारात भवानीबाई उभ्या होत्या. हातात झारा, पदर खोचलेला, उजवा हात कोपरापर्यंत उघडा आणि त्यावर दोन डोकी, एक सयाजीरावाकडे बघणारं, दुसरं पुण्याच्या पाहुण्यांकडे.

"काय हो, काय फेकताय हे! मी चांगली बोंबलले, खालच्या चष्म्याच्या दुकानातली माणसं वर आली बघायला. हात नाही हलवला एवढंच. आणि तुम्ही कुठला धरला माझा हात? रघुनाथराव, तिनं पाकीट फोडलं, यांना सुई दिसली, आणि हे जे पांढरे होऊन आडवे झाले ते थेट तिच्या सुया-शाई मांडलेल्या ताटावर! यांना साखरपाणी पाजून शुद्धीवर आणलं, ती सगळी शाई फेकली, ती सुई फेकली, आणि त्या पोरीला माझ्यासाठी दुसरं पाकीट फोडावं लागलं!"